चार गिटारी आणि पाच स्पीकर: गिटार-चतुष्टयाची सराउंड ध्वनिमुद्रणे घरी ऐकण्याविषयी

प्रश्नाचा सारांश असा आहे. पुण्यातील सदनिकेत १० बाय १४ फुटांचा दिवाणखाना आहे. त्यात ५.१ पद्धतीचा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एका सबवूफरला आवाज वाटून देणारे यंत्र), पुढे दोन लहान स्पीकर, टीव्हीखाली आडवा सेंटर स्पीकर, सोफ्यामागच्या भिंतीवर छताजवळ टांगलेले दोन छोटे स्पीकर आणि कोपऱ्यात फक्त खर्जासाठीचा सबवूफर अशी मांडणी आहे. एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) वाजवू शकणारा ब्ल्यू-रे प्लेअर ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला जोडलेला आहे. लॉस एंजेलिस गिटार क्वार्टेटची, टेलार्क कंपनीने २००४ मध्ये काढलेली 'गिटार हीरोज' ही बहुवाहिनी, म्हणजे दोनपेक्षा जास्त ध्वनिवाहिन्यांची, एसएसीडी प्रश्नकर्त्यांनी हौसेने परदेशातून मागवली. परंतु मागच्या स्पीकरांतून जे ऐकू येते ते पुढच्याच आवाजाची पुसट नक्कल वाटते, आणि साध्या स्टिरिओवर तीच तबकडी जास्त भरीव वाजते. तेव्हा गिटारसारख्या नाजूक आवाजाच्या वाद्यासाठी सराउंडचा खटाटोप करण्यात काही अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

अर्थ निश्चित आहे, आणि एकट्या गिटारपेक्षा चार गिटारींच्या बाबतीत तो कितीतरी अधिक आहे. मात्र सराउंडकडून काय अपेक्षायचे हे आधी स्पष्ट व्हायला हवे, कारण चित्रपट पाहताना कानाला जी सवय लागते ती येथे उपयोगाची नाही. येथे डोक्यावरून विमान जात नाही आणि पाठीमागे दारही वाजत नाही. अशा ध्वनिमुद्रणात सराउंडचे काम एकच असते: एकाच जातीची, एकाच रंगाची चार वाद्ये कानाला वेगवेगळी ठेवणे, आणि ती ज्या सभागृहात वाजली त्या सभागृहाला त्यांच्यापासून बाजूला काढून आपल्या भोवती मांडणे.

हे का महत्त्वाचे, ते वाद्याच्या स्वभावावरून कळते. तंतुवाद्यांच्या पाश्चात्त्य चतुष्टयात दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असतो, त्यामुळे खर्ज कोणाचा आणि वरची सुरावट कोणाची हे निम्मे तर आवाजाच्या पोतावरूनच समजते. गिटार-चतुष्टयात सहसा चारही वाद्ये एकच असतात. सहाव्या तारेचा मोकळा स्वर सुमारे ८२ हर्ट्झवर आणि पहिल्या तारेचा सर्वांत वरचा स्वर हजार हर्ट्झच्या जरासा अलीकडे. एवढ्याच पट्ट्यात चौघांनी नांदायचे असते. वादक आणि रचनाकार यावर आपापले उपाय शोधत आले आहेत. लॉस एंजेलिस क्वार्टेटचे जॉन डिअरमन सात तारांची गिटार वाजवतात. ब्राझिलियन गिटार क्वार्टेटमध्ये दोन गिटारी सहा तारांच्या आणि दोन आठ तारांच्या असतात. जपानमध्ये हिरोकी निइबोरी यांनी तर निरनिराळ्या आकारांच्या आणि स्वरक्षेत्रांच्या गिटारींचा अख्खा वाद्यवृंद उभा केला. याखेरीज एकाने घोडीजवळ छेडून आवाज धारदार ठेवायचा आणि दुसऱ्याने छिद्राच्या वर, पडद्यांच्या बाजूला छेडून तो मऊ ठेवायचा, हा तर रोजचा व्यवहार आहे. पण हे सगळे करूनही कानाला सर्वांत मोठा आधार दिशेचाच असतो. मैफलीत तिसरा वादक मधल्या ओळीतला एखादा छोटा तुकडा घेतो तेव्हा तो ऐकू येतो, कारण तो 'तिथून' येतो.

दुसरी गोष्ट आघाताची आणि आसेची, म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणाऱ्या नादाची. नखाने तार सुटते तो क्षण काही सहस्रांश सेकंदांचा असतो, आणि त्यानंतर आस झपाट्याने विरत जाते; वरच्या पट्टीतील स्वर तर एक-दोन सेकंदांत संपतो. व्हायोलिनवादक गज फिरवून स्वर धरून ठेवू शकतो, तशी सोय गिटारवादकाला नाही. म्हणून गिटारला सभागृह लागते. विरत चाललेल्या आसेला घुमाऱ्याने हात दिला तरच सुरावट अखंड वाटते. स्टिरिओमध्ये नेमकी येथेच अडचण होते, कारण थेट आवाज आणि घुमारा हे दोन्ही समोरच्या त्याच दोन स्पीकरांतून येतात. घुमारा वाढवला तर आघात बोथट होतात आणि चार वाद्ये एकमेकांत मिसळून जातात. कमी केला तर आवाज कोरडा, लाकडी आणि जवळून अंगावर आल्यासारखा वाटतो. ध्वनिमुद्रकाला तडजोड करणे भाग पडते. पाच वाहिन्या हाताशी असल्या की तो पुढच्या स्पीकरांत वादकांना स्वच्छ ठेवू शकतो आणि सभागृहाचा मोठा वाटा बाजूंना व मागे देऊ शकतो. कान दिशेच्या आधारे दोन्ही वेगळे काढतो, त्यामुळे एकूण घुमारा अधिक असूनही बोटे स्पष्ट ऐकू येतात.

मागच्या वाहिन्यांसाठी मायक्रोफोन कसे लावतात हे कळले, तर त्या इतक्या शांत का असतात याचाही उलगडा होतो. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेतील किमिओ हामासाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी एक मांडणी आहे. तिच्यात आठाच्या आकड्यासारखी ग्रहणकक्षा असलेले चार मायक्रोफोन दोन-तीन मीटर बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर, वादकांपासून बरेच मागे उभे करतात, आणि प्रत्येकाची बहिरी बाजू मुद्दाम रंगमंचाकडे वळवतात. म्हणजे वादकांचा थेट आवाज शक्य तितका टाळायचा आणि बाजूच्या भिंतींवरून परतलेला तेवढा टिपायचा. असे ध्वनिमुद्रण घरी योग्य पातळीवर वाजत असेल, तर मागचे स्पीकर 'वाजताहेत' असे जाणवूच नये. ख्यालाच्या मैफलीतल्या तानपुऱ्यासारखे हे आहे. तो चालू असताना कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही, पण थांबला की पोकळी जाणवते. तपासणी करायची असेल तर मागच्या स्पीकराला कान लावून बसू नये. एखादी संथ रचना चालू असताना आपल्या जागेवर बसूनच दुसऱ्या कोणाला मागच्या दोन्ही वाहिन्या बंद करायला सांगावे. खोली एकदम आखडली, वादक पुढच्या भिंतीला चिकटले आणि त्यांच्यातले अंतर कमी झाले असे वाटले, तर आपली मांडणी बरोबर आहे.

आता प्रश्नकर्त्यांच्या घरातल्या परिस्थितीकडे वळतो, कारण त्यांच्या वर्णनावरून मला असे दिसते की त्यांनी त्या तबकडीचा बहुवाहिनी भाग अजून ऐकलेलाच नाही. ऑप्टिकल केबलमधून एसएसीडीचा ध्वनी जात नाही. तशी परवानगीही नाही आणि तेवढी क्षमताही नाही. संकरित एसएसीडीवर दोन थर असतात: एक साध्या सीडीचा, जो कोणत्याही प्लेअरवर दोन वाहिन्यांत वाजतो, आणि दुसरा एसएसीडीचा, ज्यात सहसा स्टिरिओ आणि बहुवाहिनी असे दोन स्वतंत्र विभाग असतात. ऑप्टिकल जोडणीत बहुतेक प्लेअर एसएसीडीच्या थराचा आवाज बाहेर देतच नाहीत. सीडीचा थर निवडलेला असेल तरच आवाज येतो. म्हणजे रिसीव्हरपर्यंत दोनच वाहिन्या पोहोचत होत्या आणि उरलेल्या त्याने स्वतःच्या गणिताने तयार केल्या. 'पुसट नक्कल' हे वर्णन त्याला तंतोतंत लागू पडते.

उपाय सोपा आहे. प्लेअर एचडीएमआयने जोडावा. एसएसीडीचा डीएसडी प्रवाह (त्या तबकडीवरील ध्वनीचा अंकीय प्रकार) एचडीएमआयच्या १.२ या आवृत्तीपासून पुढे जाऊ शकतो, त्यामुळे आजच्या कोणत्याही रिसीव्हरला अडचण येऊ नये. त्यानंतर प्लेअरच्या मेनूमध्ये एसएसीडीचा थर आणि त्यातला बहुवाहिनी विभाग निवडावा, कारण अनेक प्लेअर कारखान्यातून स्टिरिओवर लावलेले येतात. शेवटी रिसीव्हरच्या पडद्यावर येणाऱ्या वाहिन्या पाच किंवा सहा दाखवल्या जात आहेत ना, हे पाहावे. 'हॉल', 'चर्च', 'जॅझ क्लब' यांसारखे तयार परिणाम आणि सर्व स्पीकरांतून तोच स्टिरिओ वाजवणारा पर्याय कायमचे बंद ठेवावेत. ज्या तबकडीत खऱ्या सभागृहाचा घुमारा आहे, तिच्यावर नकली घुमारा चढवण्यात काहीच शहाणपण नाही.

एक बारकावा येथेच सांगून टाकतो. काही रिसीव्हर डीएसडी प्रवाह 'डायरेक्ट' पद्धतीने घेतात तेव्हा स्पीकरांची अंतरे, पातळ्या आणि सबवूफरची विभागणी (किती हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे पाठवायचा ती सीमा) यांपैकी काहीच लागू करत नाहीत. जाहिरातीत ते शुद्धतेचे लक्षण म्हणून मिरवले जाते. ध्वनिमुद्रण कक्षात, जेथे पाचही स्पीकर श्रोत्यापासून समान अंतरावर असतात, तेथे ते ठीक आहे. आपल्या दिवाणखान्यात मात्र डीएसडीचे पीसीएममध्ये (साध्या सीडीवर असतो त्या अंकीय प्रकारात) रूपांतर होऊ द्यावे आणि अंतरे सुधारून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. रूपांतराने होणारे नुकसान ऐकू येईलच असे नाही. चुकलेल्या अंतरांचे नुकसान ऐकू आल्याशिवाय राहत नाही.

कारण आवाज एका सहस्रांश सेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. समजा पुढचे स्पीकर आपल्यापासून २.६ मीटरवर आहेत आणि मागचे १.४ मीटरवर. फरक १.२ मीटरचा, म्हणजे साडेतीन सहस्रांश सेकंदांचा. पुढचा आवाज तेवढा उशिरा पोहोचतो आणि मागचा आधी. आधी पोहोचलेल्या आवाजाच्या दिशेलाच कान प्राधान्य देतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर केलेले काम प्रसिद्ध आहे. व्हायोलिनच्या गजासारखा हळू उगवणारा स्वर असेल तर हा दोष थोडाफार खपून जातो. गिटारच्या नखाचा आघात इतका टोकदार असतो की मागच्या वाहिनीत त्याचा लहानसा अंश जरी असला आणि तो आधी आला, तरी वादक खुर्चीसकट मागे ओढला गेल्यासारखा वाटतो. म्हणून फूटपट्टीने किंवा टेपने प्रत्येक स्पीकरपासून बसल्या जागी डोक्यापर्यंतचे अंतर मोजून रिसीव्हरमध्ये भरावे. रिसीव्हरसोबत मिळणाऱ्या मायक्रोफोनने आपोआप मोजणी केली असेल तरी ती एकदा टेपने पडताळावी. सबवूफरचे अंतर मात्र त्याने प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले तर बदलू नये, कारण त्यात सबवूफरच्या आतल्या विलंबाचाही हिशेब धरलेला असतो.

पातळ्यांसाठी रिसीव्हरचा खरखरीचा चाचणी-ध्वनी वापरावा आणि प्रत्येक स्पीकर आपल्या जागी सारखाच वाजतो का हे पाहावे. मोबाइलवरचे ध्वनिमापक ॲप आकडा अचूक सांगेलच असे नाही, पण पाच स्पीकरांची आपसांत तुलना करायला ते पुरते. एकदा पातळ्या जुळल्या की मग 'मागचे काहीच ऐकू येत नाही' म्हणून त्या वाढवण्याचा मोह टाळावा. मागच्या वाहिन्या चार-पाच डेसिबलने वाढवल्या की सभागृह प्रशस्त होत नाही. श्रोता सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतो, एवढेच.

मागच्या स्पीकरांची जागा मात्र बदलायलाच हवी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रमाण मांडणीत पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंडचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान असतात. म्हणजे ते थेट पाठीमागे नसून खांद्यांच्या रेषेपासून जरा मागे, दोन्ही बाजूंना असतात. उंची कानाच्या आसपास. छताजवळ टांगलेल्या स्पीकरांतून आलेला घुमारा बाजूच्या भिंतींचा वाटत नाही, माळ्यावरून आल्यासारखा वाटतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर स्पीकर बाजूला घ्यायलाही जागा उरत नाही, आणि त्या भिंतीचा आणखी एक त्रास आहे, ज्याकडे आता येतो.

१४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. खोलीच्या मापामुळे काही ठरावीक स्वर फुगतात, त्यांना तिचे अनुनाद म्हणतात. एवढ्या लांबीच्या खोलीचा दुसरा अनुनाद सुमारे ८० हर्ट्झवर पडतो. १० फूट रुंदीचा दुसरा अनुनाद सुमारे ११२ हर्ट्झवर पडतो. गिटारची सहावी तार ८२.४ हर्ट्झवर आणि पाचवी ११० हर्ट्झवर मिळवलेली असते. म्हणजे ही खोली नेमक्या त्याच दोन मोकळ्या तारांवर फुगते, आणि भिंतीलगत हा फुगवटा सर्वांत जास्त असतो. त्यात भर म्हणून गिटारच्या पोकळीचा स्वतःचा अनुनादही बहुधा ९५ ते ११० हर्ट्झच्या आसपास असतो. स्टिरिओ 'भरीव' वाटण्यामागे या फुगवट्याचा हात असण्याची दाट शक्यता आहे. सोफा भिंतीपासून पुढे, खोलीच्या लांबीच्या सुमारे एक तृतीयांशावर, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास आणून पाहावा. रोजच्या वापरात ते जमणार नाही हे मला ठाऊक आहे. ऐकण्यापुरती एक खुर्ची पुढे ओढून घेतली तरी काम भागते. खुर्ची अर्धा फूट पुढे-मागे करत सहाव्या तारेचे स्वर इतरांच्या बरोबरीने येईपर्यंत जागा शोधावी.

सबवूफरविषयी थोडेसे. या संगीतात त्याला फार काम नाही. स्पीकर ८० हर्ट्झपर्यंत उतरत असतील तर सहा तारांच्या गिटारचा जवळजवळ सगळा मूळ स्वर त्यांतूनच येतो, आणि सबवूफरकडे सातव्या तारेचे खालचे स्वर आणि लाकडावर थाप मारल्याचा धक्का एवढेच उरते. पण लहान संचांत विभागणी १२० किंवा १५० हर्ट्झवर ठेवलेली असते. मग पाचव्या-सहाव्या तारांचे स्वर सबवूफरमधून येतात, आणि तो कोपऱ्यात असल्यामुळे चौथा वादक वरचे स्वर आपल्या खुर्चीवरून आणि खर्ज कोपऱ्यातून वाजवतो असा विचित्र प्रकार होतो. सबवूफर पुढच्या दोन स्पीकरांच्या मधल्या भागात आणल्यास हे बऱ्याच अंशी मिटते.

सेंटर स्पीकर हा माझ्या मते या संगीतातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. चौघे अर्धवर्तुळात बसले की मधले दोन वादक सेंटरच्या आसपास येतात. सेंटर वेगळ्या बनावटीचा असेल किंवा टीव्हीखालच्या कपाटात कोंबलेला असेल, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वादकाच्या हातातली गिटार देवदाराऐवजी प्लायवुडची झाल्यासारखी वाटते. तपासण्यासाठी एखादी सुरावट एका टोकाच्या वादकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते असा तुकडा वाजवावा आणि वाटेत तिचा रंग बदलतो का ते ऐकावे. बदलत असेल तर स्पीकर कपाटातून पुढे काढून, कानाकडे किंचित तिरपा करून पाहावा. तरीही बदलत असेल तर रिसीव्हरमध्ये 'सेंटर नाही' अशी नोंद करून टाकावी. रिसीव्हर ती वाहिनी पुढच्या दोघांत वाटून देतो. बरोबर मधोमध बसणाऱ्या एकट्या श्रोत्याला न जुळणाऱ्या सेंटरपेक्षा नसलेला सेंटर बरा.

फरशी, काच आणि उघड्या भिंती यांचा त्रास आपल्याकडील सदनिकांत सर्रास असतो. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागे धातूसारखी झर्रकन थरथर ऐकू आली, तर तीच थरथर प्रत्येक नखाच्या आघातामागेही येत असते. पुढचे स्पीकर आणि श्रोता यांच्यामध्ये जाड सतरंजी, खिडकीला दुपदरी पडदा आणि एका बाजूच्या भिंतीला भरलेले पुस्तकांचे कपाट एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आणि पंखा बंद करावा. छताचा पंखा पूर्ण वेगात असताना मागच्या वाहिन्यांतला विरत जाणारा घुमारा त्याच्या घरघरीखाली गडप होतो, आणि मग हजारो रुपयांच्या केबल घेऊनही तो परत मिळत नाही. उन्हाळ्यात हे जड जाते, पण शेवटच्या स्वरसंघाची आस कुठपर्यंत जाते हे ऐकायचे असेल तर पहाटेची वेळ निवडावी.

आवाज किती ठेवावा, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण विचारायला हवा. गिटार हे मुळात मंद आवाजाचे वाद्य आहे. चार गिटारी चार-पाच मीटरवरून ऐकल्या तर त्या मोठ्याने चाललेल्या संभाषणाच्या आसपास भरतात. त्याहून फार मोठ्या आवाजात वाजवले की डाव्या हाताची बोटे तारांवरून घसरल्याची चरचर, वादकांचा श्वास आणि खुर्चीची कुरकुर राक्षसी आकाराची होतात, आणि वाद्ये कपाटाएवढी मोठी वाटू लागतात. कानाला माप हवे असेल तर मायक्रोफोनशिवाय वाजलेली गिटार प्रत्यक्ष ऐकण्याला पर्याय नाही. मुंबईत एनसीपीएचे (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेचे) टाटा थिएटर हे १९८० मध्ये उघडलेले सभागृह ध्वनिवर्धकाविना ऐकता यावे अशा हेतूनेच बांधलेले आहे. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. जुन्या गोव्यात मोंतेच्या कपेलमध्ये (टेकडीवरच्या छोट्या चर्चमध्ये) मैफली होतात, तेथे दगड-चुन्याच्या भिंतींचा घुमारा कसा असतो ते ऐकायला मिळते. या दोन जागांत एकच वाद्य किती निराळे वाटते हे ज्याने अनुभवले, त्याला मागच्या वाहिन्यांत काय शोधायचे ते वेगळे सांगावे लागत नाही.

काय ऐकावे? 'गिटार हीरोज' ही सुरुवात चांगली आहे. ज्या चतुष्टयाची स्थापना १९८० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली, त्याला २००५ मध्ये याच ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी मिळाले, आणि त्यात गिटारच्या निरनिराळ्या प्रांतांतील वादकांना अभिवादन असल्यामुळे आवाजाचे रंगही भरपूर आहेत. पण दिशेचा अभ्यास करायचा असेल तर मी क्युबन रचनाकार लिओ ब्राउवर यांची १९८४ ची, क्युबातील पावसाचे चित्र रेखाटणारी चार गिटारींची रचना आधी सुचवेन. ती सुट्या थेंबांनी सुरू होते. एक स्वर येथे, एक तेथे. कोणता थेंब कोणाच्या अंगणात पडला हे सुरुवातीला मोजता येते, मग थेंब दाटत जातात आणि मोजणी सुटते. ती कोणत्या क्षणी सुटते, यावरून आपल्या मांडणीची परीक्षा होते. स्टिरिओवर ती लवकर सुटते. पाच वाहिन्या नीट जुळलेल्या असतील तर बराच वेळ टिकते, आणि मुसळधार पाऊस सुरू झाल्यावरही तो चार जणांचा पाऊस राहतो.

व्हेनिसच्या सान मार्को बॅसिलिकेशी जोडलेल्या रचनाकार जिओव्हान्नी गाब्रिएली यांच्या कान्झोना (वाद्यसमूहांसाठीच्या रचना) गिटार-वृंदांसाठी पुष्कळ जणांनी रूपांतरित केल्या आहेत. समोरासमोरच्या सज्ज्यांतून दोन गटांनी एकमेकांना उत्तर द्यायचे, या कल्पनेवरच त्यांची उभारणी आहे, तेव्हा त्या स्टिरिओवर ऐकणे म्हणजे संवादातले अंतरच काढून टाकणे होय. अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश यांची १९८७ ची, अनेक गिटारींच्या थरांची रचना गिटार-वृंदही वाजवतात. तिच्यात जवळजवळ सारखेच आकृतिबंध किंचित मागे-पुढे एकमेकांत गुंततात, आणि कोणता थर कोठे आहे हे कळण्याचा आनंद बहुवाहिनी ध्वनिमुद्रणात फार वाढतो. वाद्यवृंदासह चार गिटारी ऐकायच्या तर स्पॅनिश रचनाकार रोद्रिगो यांचा 'कॉन्सिएर्तो आंदालूस' आहे. तो गिटारवादक रोमेरो कुटुंबासाठी लिहिला गेला आणि १९६७ मध्ये टेक्सासमधील सान अँटोनिओ येथे पहिल्यांदा वाजला. तेथे मात्र सराउंडचा लाभ वाद्यवृंदाला अधिक होतो, गिटारींना कमी. दोन गिटारींच्या जोडीसाठी स्टिरिओ पुरेसा आहे. ज्यूलियन ब्रीम आणि जॉन विल्यम्स यांची १९७१ ची जोडी-ध्वनिमुद्रणे एक डावीकडे, एक उजवीकडे अशी ऐकताना मला तिसऱ्या स्पीकरची उणीव कधी भासली नाही.

आतापर्यंत मी श्रोता प्रेक्षागृहात बसला आहे असे गृहीत धरले. दुसरा एक पंथ श्रोत्याला वादकांच्या वर्तुळात बसवतो. नॉर्वेतील २एल या कंपनीचे मॉर्टेन लिंडबर्ग मायक्रोफोनांच्या भोवती वादकांना उभे करून ध्वनिमुद्रण करतात आणि त्यांच्या कामाला मोठी मान्यता मिळालेली आहे. गिटार-चतुष्टयाच्या बाबतीत मी थोडा साशंक आहे. चार गिटारी चार दिशांना ठेवल्या की प्रत्येक ओळ लख्ख ऐकू येते यात वाद नाही, आणि शिकणाऱ्याला याहून चांगला वर्ग मिळणार नाही. पण चौघांनी मिळून एकच मोठी गिटार वाजवल्यासारखा जो एकजीव नाद साधण्यासाठी चतुष्टये वर्षानुवर्षे मेहनत घेतात, तो अशा मांडणीत फुटतो. गाब्रिएली आणि राइश यांना हा प्रकार शोभतो, बाखच्या रूपांतरांना नाही. वर्तुळाच्या पद्धतीने केलेली तबकडी असेल तर मागचे दोन स्पीकर पुढच्यांच्या तोलाचे असावे लागतात, हेही लक्षात ठेवावे. छोट्या टांगत्या स्पीकरांतून मागच्या दोन वादकांचा खर्ज निघतच नाही.

एसएसीडी आता दुर्मीळ होत चालल्या आहेत आणि भारतात त्या बहुधा मागवाव्याच लागतात. डॉल्बी ॲटमॉस या नव्या सराउंड पद्धतीतील संगीत २०२१ पासून ॲपल म्युझिकवर मिळते, पण इंटरनेटच्या प्रवाहातून येणारे ॲटमॉस तपशील गाळून लहान केलेले असते आणि विरत जाणाऱ्या घुमाऱ्यावरच त्याचा परिणाम आधी जाणवतो. ब्ल्यू-रे ऑडिओ तबकडी मिळत असेल तर ती घ्यावी. हेडफोनवरचे 'स्पेशियल ऑडिओ' (हेडफोनमध्ये सराउंडचा भास निर्माण करणारी सोय) मी या कामासाठी सुचवणार नाही. बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी कानाच्या आकारावर आधारलेले ते गणित आपल्या कानाला लागू पडेलच असे नाही, आणि न पडल्यास चारही वादक डोक्याच्या आत बसून वाजवतात.

तेव्हा प्रश्नकर्त्यांनी नवे काही विकत घेण्याआधी एचडीएमआय केबल जोडावी, एसएसीडीचा बहुवाहिनी विभाग निवडावा, मागचे स्पीकर कानाच्या उंचीवर आणून दोन्ही बाजूंना घ्यावेत, अंतरे टेपने मोजून भरावीत आणि खुर्ची भिंतीपासून पुढे ओढावी. एवढे करून पंधरा दिवस तीच तबकडी ऐकावी. त्यानंतरही पैसे खर्च करायचे असतील, तर ते पुढच्या स्पीकरांशी जुळणाऱ्या सेंटरवर करावेत. मोठ्या सबवूफरवर करू नयेत.